डेकचं आणि ट्रकचं सूत जुळवायचं कसं?

आधी नवख्यांसाठी दोन शब्द: डेक म्हणजे स्केटबोर्डची लाकडी फळी, ट्रक म्हणजे तिच्याखाली चाकं बसवायचा धातूचा सांगाडा, किंगपिन म्हणजे ट्रकच्या मधला घट्ट-ढिला करायचा बोल्ट, आणि ऑली म्हणजे हात न लावता बोर्डासकट मारलेली उडी. आता पत्र असं आलंय:

"दादा, मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, राजेंद्र नगरला राहते. तीन वर्षांपूर्वी वाढदिवसाला एक कम्प्लीट स्केटबोर्ड मिळाला होता, त्याचा डेक मागच्या पावसाळ्यात फुगून गेला. मग आतेभाऊ पुण्याहून आला तेव्हा त्याचा साडेआठ इंची डेक देऊन गेला, नवाच आहे. त्याला जुने ट्रक लावले तर बोर्ड असला डगमगतो की कडेवर पाय पडला की उलटलाच. किंगपिन पूर्ण कसला तरी तेच, वर आता वळतही नाही. चाकं डेकच्या बरीच आत दिसतात. ट्रक मोजले तर टोकापासून टोकापर्यंत 19.3 सेंमी भरले. मैत्रीण म्हणते 149 घे. क्लासमधला एक म्हणतो 149 म्हणजे 149 मिलिमीटर, सहा इंचसुद्धा होत नाहीत, साडेआठच्या डेकला कसे पुरतील, त्यापेक्षा 139 स्वस्तात मिळतायत ते घे. बाबांना म्हटलं ट्रक घ्यायचाय तर म्हणाले मग ट्रान्सपोर्ट नगरला जा. आई म्हणते एकोणिसाव्या वर्षी हे काय काढलंयस. माझं वजन 48 किलो, बुटाचा नंबर 5, ऑली शिकायचीये, बाकी सकाळी कॉलनीतच फिरवते. कुठल्या रुंदीचे घेऊ? आणि जुने टाकून देऊ का? – डगमगती, राजेंद्र नगर, इंदूर"

अगं, आधी बाबांना माझा नमस्कार सांग, मी पण माझ्या घरी हेच ऐकलं होतं, फक्त आमच्याकडे देवास नाका म्हणाले होते.

उत्तर आधीच देऊन टाकतो म्हणजे तुला शेवटपर्यंत वाट बघायला नको. सव्वाआठचे घे. 8.25 इंच ॲक्सलवाले, म्हणजे चाकं बसतात ती सळई टोकापासून टोकापर्यंत तेवढी. 139 पण नको आणि 149 पण नको, मधले. आता डेक साडेआठचा आणि मी ट्रक सव्वाआठचे सांगतोय म्हटल्यावर कोणीतरी येऊन म्हणणारच की ह्याला काही कळत नाही, म्हणून जरा बैजवार सांगतो.

माझे आजोबा इथल्या एका मिलच्या वर्कशॉपमध्ये होते आणि ते सगळं सुतात बोलायचे. इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत. मिल बंद झाल्या पण सियागंजला अजून हार्डवेअरवाले सुतातच बोलतात, आणि गंमत म्हणजे स्केटबोर्डची मापंपण बघ ना, 8.0, 8.125, 8.25, 8.38, 8.5, हे सगळं सुतातच चाललंय, आठ इंच, आठ इंच एक सूत, दोन सूत, तीन सूत, चार सूत. मला तर ट्रकचं माप डोक्यात बसलं ते आजोबांच्या भाषेतच, ते दशांश-बिशांश नंतर. तेव्हा तू पण दोन मिनिटं सुतात विचार कर, गुंता सुटेल.

तुझं माप काय, 19.3 सेंमी म्हणजे 7.6 इंच. डेक 8.5. फरक 0.9 इंच, दोन्ही बाजूंना वाटला की एका बाजूला साधारण साडेतीन सूत, 11 मिलिमीटरच्या वर. म्हणजे चाकाची बाहेरची कड डेकच्या कडेपासून करंगळीच्या रुंदीएवढी आत आहे. आता गणपतीत आपण चौरंग मांडतो ना, तो डोळ्यासमोर आण. चौरंगाचे पाय अगदी कोपऱ्यात असले तर त्यावर कुठेही हात टेकवून उठा, हलत नाही. पाय आत सरकवून ठोकले असतील तर कडेवर जोर दिला की दुसरी बाजू उचलली, समई-बिमई सगळं खाली. तुझा बोर्ड तोच चौरंग झालाय. तुझी टाच आणि बोटं डेकच्या कडेवर म्हणजे चाकाच्या बाहेर पडतायत, त्यामुळे वजन चाकावर न जाता चाकाच्या पलीकडे लोंबतंय. आणि म्हणूनच किंगपिन कसून काही झालं नाही. किंगपिन कसला की बुशिंग, म्हणजे त्याच्याभोवतीची रबरासारखी कडी, दबून घट्ट होतात, ट्रक वळायचा बंद होतो, पण चौरंगाचे पाय आहेत तिथेच आहेत ना. उलट वळणं गेलं आणि डगमगणं राहिलं, तेलही गेलं तूपही गेलं. तो किंगपिन आज संध्याकाळीच ढिला कर, बुशिंग बाहेर फुगल्यासारखे दिसत असतील तर तू ते मारतेयस.

आता क्लासमधल्या मुलाचं 149. पोरगा हुशार आहे, त्याचं गणित बरोबर आहे, फक्त तो चुकीची वस्तू मोजतोय. ट्रकचा जो जाड ओतीव ॲल्युमिनियमचा आडवा दांडा असतो तो हँगर, आणि त्यातून दोन्हीकडे बाहेर आलेली स्टीलची सळई तो ॲक्सल. 149 हा आकडा साधारण हँगरचा आहे, मिलिमीटरमध्ये. डेकशी जुळवायचं असतं ते ॲक्सलचं टोक ते टोक. 149 मिमी म्हणजे 5.87 इंच, साडेआठातून वजा कर, उरले 2.63 इंच, अर्धे केले की एका बाजूला 33 मिलिमीटर. हे 33 कुठून आले ते बघ, चाकात दोन बेअरिंग असतात, 7 मिमी जाडीचं एक, असे 14, मधला स्पेसर 10, झाले 24, आत-बाहेर एकेक पातळ वॉशर, वर नट. झाले की तेहतीस. म्हणजे तो आकडा हवेतून आलेला नाही, हँगरच्या पुढे एक चाक बसायला जेवढी सळई लागते तेवढी सगळीकडे जवळपास सारखीच असते, बदलतो तो फक्त हँगर. हे त्याला कागदावर काढून दाखव, गप्प होईल, नाहीतर खूश होईल, काही मुलं होतात.

घोटाळा पुढे आहे. हे आकडे प्रत्येक कंपनीचे वेगळे. इंडिपेंडंटचं (1978 पासूनची कंपनी आहे, बहुतेकांना हीच माहीत असते) 129 म्हणजे 7.6 इंच, 139 म्हणजे 8.0, 144 म्हणजे 8.25, 149 म्हणजे 8.5, 159 म्हणजे 8.75. पण थंडरचं 145 घेतलंस तर ते 8.0 आहे. बघ हां, 145 हा 144 पेक्षा मोठा आकडा, पण ट्रक दोन सुतांनी लहान! व्हेंचरवाले तर हँगर इंचात सांगतात, त्यांचं 5.2 म्हणजे ॲक्सल 8.0. म्हणून कोणी म्हणालं 149 घे तर पहिला प्रश्न, कोणाचं 149. आणि दुकानात किंवा ऑनलाइन बघताना तो तीन आकडी नंबर सोडून दे, खाली बारीक अक्षरात ॲक्सलची रुंदी इंचात लिहिलेली असते, ती बघ, तीच बघ. नाही लिहिलेली तर मेसेज करून विचार, आणि त्याने "सब में फिट हो जाएगा भिया" असं उत्तर दिलं तर तिथून घेऊ नको.

तुझे जुने ट्रक 7.6 चे आहेत, म्हणजे 129 च्या जातीचे. ते वाईट आहेत असं नाही, ते पावणेआठच्या डेकचे आहेत. स्वस्त कम्प्लीट बोर्ड बरेचसे त्याच आसपास येतात. त्याचं एक कारण जुनं आहे. 80 च्या दशकात डेक दहा-दहा इंचांचे, परातीसारखे, मग 90 च्या सुरुवातीला एकदम अरुंद, साडेसातच्या आसपास, आणि चाकं 40 मिमीची बटणासारखी, कारण सगळ्यांना बोर्ड पायाखाली गरगर फिरवायचा होता. मग हळूहळू परत रुंद व्हायला लागले आणि आता बहुतेक मोठी माणसं 8 ते 8.5 मध्ये असतात. पण जुना सल्ला नेटवर तसाच पडून राहतो, म्हणून कोणीतरी अजून तुला 7.75 च खरं म्हणून सांगेल. त्याचं मनावर घेऊ नको, त्याच्यासाठी खरंच असेल.

आता मुद्द्याचं, सव्वाआठ का.

डेक हा चपलेसारखा असतो गं. सात पातळ पापुद्रे मेपलचे चिकटवलेले, शेपटीचा भाग रस्त्याला घासून घासून धारदार होतो, पाण्यात गेला की फुगतो (तुझा गेलाच), ऑली शिकताना एखादा मोडतोही. दर काही महिन्यांनी नाहीतर वर्षाने नवा डेक येणारच. ट्रक मात्र वर्षानुवर्षं टिकतात, माझ्याकडे एक जोडी आहे तिने माझे पाच डेक खाल्ले. तेव्हा ट्रक घेताना आत्ता हातात असलेल्या डेककडे बघायचंच नसतं फारसं, पुढचे तीन डेक कोणते येणार ते बघायचं. आतेभावाने दिलेला साडेआठचा डेक फुकट आला म्हणून तुझा झाला, तू निवडलेला नाहीस. 48 किलो वजन, 5 नंबरचा बूट, ऑली शिकायचीये, अशा मुलीने दुकानात उभं राहून डेक उचलला असता तर 8 किंवा सव्वाआठचा उचलला असता असा माझा अंदाज आहे. साडेआठ तुला चालणार नाही असं नाही, फिरवायला तर मस्तच, पाय ठेवायला ऐसपैस, पण लहान पावलाला तो कडेपासून कडेपर्यंत झुकवायला जड जातो आणि पुढे फ्लिप करायला, म्हणजे बोर्ड हवेत गरगर फिरवायला लागलीस की अजून.

मग सव्वाआठचे ट्रक कसे बसतात ते सुतात बघ. साडेआठच्या डेकवर एका बाजूला एक सूत आत, 3 मिलिमीटर, दिसतही नाही नीट. सव्वाआठच्या डेकवर बरोब्बर. आठच्या डेकवर एक सूत बाहेर. तिन्ही चालतं. साधारण हिशोब असा धरतात की डेक आणि ॲक्सलमध्ये एकूण दोन सुतांपर्यंत फरक असला तरी बिनधास्त, त्याच्या पुढे गेलं की पायाला कळायला लागतं. 139 म्हणजे आठचे घेतलेस तर आत्ताच्या डेकवर एका बाजूला दोन सूत आत, एकूण चार, चौरंग परत थोडा हलणारच, आत्ताइतका नाही पण हलणार, आणि स्वस्त मिळाले म्हणून घेऊन परत तेच दुखणं कशाला. 149 म्हणजे साडेआठचे घेतलेस तर आत्ता एकदम फिट, पण उद्या आठचा डेक आला की चाकं दोन्हीकडे दोन-दोन सूत बाहेर, मग ढकलताना टाच चाकाला घासते, आणि ती घासली की तू पुढे आणि बोर्ड मागे. रुंद ट्रक वळायला पण जरा आळशी असतात. तुला साडेआठच आवडला, पुढेही साडेआठच घेणार असशील, कुठे उतारावर जोरात जायचंय असं असेल तर मग 149 च घे, माझं काही म्हणणं नाही. पण मला तुझ्या पत्रावरून तसं वाटत नाही.

मोजायचं एकदा परत मोज, पण नीट. तू 19.3 मोजलंस ते बहुतेक बरोबर आहे, तरी सांगतो कारण मी स्वतः पहिल्यांदा शिवणाच्या टेपने मोजून अर्धा इंच चुकलो होतो, टेप हँगरच्या फुगवट्यावरून गेला. चाकं काढ, ट्रक टेबलावर आडवा ठेव, दोन जाड पुस्तकं घे, ॲक्सलच्या दोन्ही टोकांना एकेक पुस्तक उभं टेकव, मग ट्रक अलगद उचलून बाजूला आणि दोन पुस्तकांमधलं अंतर फुटपट्टीने. कॉलेजात व्हर्नियर मिळाला तर प्रश्नच नाही. डेकपण मोज, छापलंय 8.5 म्हणून विश्वास ठेवू नको, आणि मधोमध नको, जिथे ट्रकचे बोल्ट येतात तिथे मोज, कारण काही डेक मध्ये रुंद आणि टोकाकडे निमुळते असतात आणि चाक तर बोल्टच्या रेषेतच येतं ना.

मैत्रीण किंवा नेट तुला अजून एक शक्कल सांगेल ती आधीच खोडून काढतो, वॉशर आतल्या बाजूला सरकवून चाक बाहेर काढायची. एका वॉशरची जाडी किती, एक मिलिमीटर धर. तुला पाहिजेत अकरा. दर्यात खसखस. आणि बाहेरचा वॉशर काढला की नट थेट बेअरिंगवर घासतो, दोन दिवसांत घरघर. नटाच्या आत जो प्लॅस्टिकचा कडं असतं ते आट्यांना धरायला पाहिजे, ॲक्सलचं टोक नटाच्या बाहेर जरासं डोकावलं पाहिजे, नाहीतर एक दिवस चाक एकटंच निघून जातं. जाडी-रुंद लाँगबोर्डची चाकं लाव असंही कोणी सांगेल, तर नको, ती मोठी असतात, वळताना डेकला टेकतात.

हे टेकणं, व्हीलबाइट म्हणतात, ते तुला माहीत असलेलं बरं. वळताना डेक झुकतो, चाक वर येतं, उंची कमी पडली तर चाक डेकला टेकून जागच्या जागी थांबतं, बोर्ड थांबतो, आपण थांबत नाही. मी कॉलनीच्या उतारावर, समोर आमच्या शेजारच्या काकू तुळशीला पाणी घालत होत्या, त्यांच्या गेटपाशी साष्टांग घातला होता. काकू म्हणाल्या अरे आशीर्वाद आत येऊन घे. तर तुझी चाकं 52 ते 54 मिमी असतील आणि ट्रक मध्यम किंवा उंच असतील तर काळजी नाही. पण मला वाटतं तू पुढेमागे चाकं बदलशील, कारण स्वस्त कम्प्लीटची चाकं कडक असतात आणि आपले सिमेंटचे रस्ते दर काही फुटांवर जोड, टक टक टक टक, पायाला मुंग्या येतात, खडा आला की चाक अडकलंच. नुसतं फिरायला 78ए ते 87ए पर्यंतची (ए हे कडकपणाचं माप, आकडा कमी तितकं मऊ) मऊ, 56 मिमीच्या आसपासची चाकं सुखाची. ती लावलीस तर ट्रक आणि डेकच्या मध्ये एक सुताचा रायझर, म्हणजे उंची वाढवायची पट्टी, टाक, आणि मग बोल्ट एक इंचाचे पुरत नाहीत, सव्वा इंचाचे लागतात, ते बरोबरच मागव, नाहीतर ट्रक आले, रायझर आला आणि बोल्ट नाहीत म्हणून आठवडा गेला असं होतं. टेकतंय का ते बघायला रस्त्यावर जायची गरज नाही, घरीच भिंतीला धरून बोर्डच्या एका कडेवर पूर्ण वजन टाक आणि खालून कोणालातरी बघायला सांग. जरासंच टेकत असेल तर डेकच्या खाली त्या जागी मेणबत्ती घास, चाक अडकायच्या ऐवजी घसरतं.

बुशिंगबद्दल. नवीन ट्रकमध्ये येणारे बुशिंग साधारण 90ए च्या आसपासचे असतात, सत्तर-ऐंशी किलोच्या माणसाला ठीक. तुला 48 किलोला ते सुरुवातीला लाकडासारखे वाटतील. म्हणून ट्रक वाईट निघाले समजू नको. आधी आठ-दहा दिवस चालव, ते बसतात, किंगपिनचा नट पाव-पाव फेरा ढिला करत जा. एवढं करूनही वळत नसेल तर मऊ बुशिंगचा जोड मिळतो, ट्रकच्या मानाने काहीच पैसे नाहीत, आणि खरं सांगू का, हलक्या माणसाला बुशिंग बदलून जेवढा फरक पडतो तेवढा ट्रकच्या कंपनीने पडत नाही. लोक इंडिपेंडंट की थंडर यावर तासन्‌तास भांडतात. माझं मत, दोन्ही चांगले, रुंदी बरोबर असेल तर डोळे बांधून दिले तर निम्म्यांना ओळखू येणार नाहीत.

पाने. हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतोच. स्केटबोर्डचं सगळं इंचात आहे आणि आपल्या घरच्या डब्यात सगळं मिलिमीटरचं. चाकाच्या नटाला अर्धा इंच म्हणजे चार सुताचा पाना, तिथे 13 नंबर चालून जातो. किंगपिनला साडेचार सूत, 9/16, म्हणजे 14.3 मिमी, आता 14 चा पाना जात नाही आणि 15 चा ढिला बसून नटाचे कोपरे खातो, म्हणून सियागंजला जाऊन साडेचार सुताचा पाना माग, तो बरोबर ओळखेल, तू कुठल्या ट्रकला पाहिजे सांगितलंस तर मात्र पंचाईत. डेकच्या बोल्टच्या नटांना तीन सूत, तिथे 10 नंबर जरासा सैल पण काम होतं. किंवा सरळ स्केट टूल घे, एकात तिन्ही.

आणि एक घोडचूक माझ्याकडून झालेली आहे ती तू करू नको. माझा चाकाचा एक नट हरवला, मी घरातला 8 मिमीचा नट घेतला, कारण ॲक्सल 8 मिमीचा, बेअरिंगचं भोक 8 मिमीचं, म्हटलं बसेलच. बसला पण, एक-दीड आटा हाताने गेला, मग जड लागायला लागला, मी पान्याने रेटला. ॲक्सलच्या आट्या असतात 5/16 इंची, इंचात 24, आणि आपला 8 मिमी नट त्याच्यापेक्षा मोठ्या चालीचा. कर्र आवाज आला तेव्हा मी थांबायला पाहिजे होतं. थांबलो नाही. ॲक्सलच्या टोकाच्या आट्या पार भुईसपाट, एका दोन रुपयाच्या नटापायी ट्रक गेला, आणि ते नवीन होते गं, तीन आठवडे झाले होते. ट्रकबरोबर चार जास्तीचे नट मागवून ठेव आणि डबीत टाक. बेअरिंगचं मात्र टेन्शन नाही, 608 नंबर सांगितला की बेअरिंगच्या कुठल्याही दुकानात मिळतं, रबर सीलवालं घे, आपल्याकडे पावसाळ्यात बारीक चिखल फार आत जातो.

घेताना किंमत एका ट्रकची आहे की जोडीची ते बघ, बाहेरच्या बऱ्याच कंपन्यांचे ट्रक नगावर विकतात आणि आपण जोडी समजून खूश होतो. बेसप्लेटच्या, म्हणजे ट्रकचा जो भाग डेकला बोल्टने लागतो त्याच्या, भोकांची चिंता करू नको, आजकालचे सगळे डेक एकाच मापाने भोकं पाडतात आणि ट्रकला बहुतेक वेळा सहा भोकं असतात, जुन्या-नव्या दोन्ही मापांना चालतील अशी. फक्त रिव्हर्स किंगपिन लिहिलेले घेऊ नको, ते लाँगबोर्डचे, ऑलीला कामाचे नाहीत.

आईंचं राहिलं. एकोणिसाव्या वर्षी हे काय, याला माझ्याकडे खास उत्तर नाही, तुझ्या हेल्मेट घालण्याने आणि परीक्षेच्या मार्कांनी त्यांचं समाधान होईल तेवढं माझ्या लिहिण्याने होणार नाही. पण गप्पांमध्ये निघालंच तर सांग की आपल्याच मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यात जनवार म्हणून एक खेडं आहे, तिथे 2015 मध्ये स्केटपार्क झाला, आणि तिथली आशा गोंड 2018 ला चीनमध्ये नानजिंगला जागतिक स्पर्धेत जाऊन आली. आणि मराठीच नाव पाहिजे असेल तर पुण्याची श्रद्धा गायकवाड, 2022 च्या नॅशनल गेम्समध्ये सोनं. आई म्हणतील ती श्रद्धा आहे, तू कोण. माझी आई हेच म्हणाली असती. त्यावर तू आणि तुझ्या आई बघून घ्या.

जुने ट्रक टाकू अजिबात नको. ते पावणेआठच्या डेकचे आहेत आणि पावणेआठचा साधा डेक ट्रकच्या जोडीपेक्षा बराच स्वस्त येतो. नवीन ट्रक घ्यायला पैसे जमेपर्यंत हवं तर तोच रस्ता धर, साडेआठचा डेक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटावर ठेव (उभा भिंतीला टेकवून नको, आणि गच्चीवर तर नकोच नको), पावणेआठचा एक घेऊन त्यावर जुने ट्रक लाव, आज पासून चौरंग हलायचा थांबेल, ऑली पण त्यावर सोपी जाईल. नवीन ट्रक आले की जुना बोर्ड चुलत-मामे भावंडांपैकी कोणाला तरी दे, कोणीतरी दहा-बारा वर्षांचं डोळा ठेवून असेलच. लावायच्या आधी जुन्या ट्रकचे पिव्हट कप तेवढे बघून घे, हँगरचं टोक ज्या वाटीत बसतं ती प्लॅस्टिकची वाटी, तीन वर्षांत चिरली असेल तर ट्रक कडकड वाजतो.